पाऊस जातो कुठं?

प्राथमिक शाळेच्या भिंतीवर जलचक्राचं एक चित्र हमखास असतं. एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाचा डोंगर, मध्ये पांढरा ढग आणि वर-खाली जाणारे बाण. चित्रात चूक काही नाही. पण नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या सहा-सात वर्षांच्या मुलानं त्यातलं जवळजवळ काहीच पाहिलेलं नसतं. समुद्र दोन्ही अंगांना शेकडो किलोमीटर दूर, बर्फाचा डोंगर त्याहून लांब. या मुलानं पाहिलेली असते केळीची बाग, वाळत घातलेली हळद, इसापूर धरणाच्या पाण्यानं वाहणारा कालवा, उन्हाळ्यात खोल गेलेली विहीर आणि पावसाळ्यात पायाला चिकटणारी काळी माती. पाण्याचा सगळा प्रवास त्याच्या डोळ्यांपुढे चाललेला असतो आणि चित्रात त्याचं गाव कुठंच नसतं.

लहान मुलांना पाऊस शिकवायचा तर सुरुवात त्यांच्या गावापासून व्हायला हवी. मराठवाड्यातल्या मुलाला पाऊस येतो कुठून एवढं कळून भागत नाही. पडलेला पाऊस जातो कुठं, हेही त्याला लहानपणीच कळायला हवं, कारण मोठेपणी त्याचं अर्धं आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरणार असतं.

मुलांच्या मनातला पाऊस

मूल शाळेत येतं तेव्हा पावसाविषयीची त्याची मतं तयार असतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात लहान मुलांना ढग कशाचे बनतात, ते का सरकतात, असे प्रश्न विचारले. ढग धुराचे असतात, असं सांगणारी मुलं त्यात बरीच होती. १९८९ मध्ये इस्रायलच्या वार्दा बार यांनी पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या मनातल्या जलचक्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांत लहान मुलांना वाटत होतं की सुकलेलं पाणी नाहीसं झालं, किंवा खाली मुरून गेलं. ते हवेत गेलं आणि हवेत अजूनही आहे, ही समज वयाबरोबर हळूहळू येते.

आपल्याकडची मुलं काही वेगळी नसतात. ढग म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी, दोन ढग एकमेकांवर आदळले की पाऊस पडतो, देवबाप्पा वरून नळ सोडतो, अशी उत्तरं अंगणवाडीत सहज ऐकू येतात. ही उत्तरं ऐकून हसू नये आणि घाईनं खोडूही नयेत. प्रत्येक उत्तरामागे मुलानं केलेला विचार असतो. ढग धुरासारखा दिसतो, म्हणून तो धुराचा. गडगडाट होतो आणि मग पाऊस येतो, म्हणून काहीतरी आदळलं असणार. शिकवणाऱ्यानं करायचं ते एवढंच, की या विचाराला पुरेसं पडणार नाही असं काहीतरी मुलापुढे ठेवायचं.

पाणी ‘मुरलं’ म्हणणाऱ्या मुलापुढे स्टीलची ताटली ठेवावी. तिच्यात दोन चमचे पाणी ओतून ताटली उन्हात ठेवावी. दुपारपर्यंत ती कोरडी होते. जमिनीत पाणी मुरतं, पण स्टीलमध्ये कसं मुरेल? मूल ताटली उलटी करून पाहतं, खालून हात फिरवतं. त्या क्षणी त्याचा जुना विचार अडतो आणि नवा प्रश्न उभा राहतो. तिथं मोठ्या माणसानं थोडा वेळ गप्प बसावं.

वयाचं भान मात्र हवं. तीन-चार वर्षांच्या मुलाला पावसात हात धरू द्यावा, पत्र्यावरचा आणि पानांवरचा आवाज ऐकू द्यावा, ओल्या मातीचा वास घेऊ द्यावा. त्या वयात तेवढंच शिक्षण पुरेसं. सहा-सात वर्षांचं मूल पाणी सुकताना आणि जमताना पाहू शकतं, चित्र काढू शकतं. न दिसणारी वाफ हवेत असते, ही कल्पना आठ-नऊ वर्षांनंतर पक्की होऊ लागते. बाष्पीभवन, सांद्रीभवन हे शब्द त्यानंतर आले तरी काही बिघडत नाही. अनुभव आधी झाला असेल तर शब्द लगेच जागेवर बसतो.

ओली हळद, वाळलेली हळद

बाष्पीभवन शिकवायला अर्धापूरच्या परिसराइतकी सोय क्वचितच कुठं असेल. शेजारचा वसमत-हिंगोलीचा पट्टा आणि हा भाग हळदीचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद काढली जाते, शिजवली जाते आणि मग कित्येक दिवस उन्हात पसरून ठेवली जाते. शेतकऱ्याच्या घरात हा हिशेब तोंडपाठ असतो: साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटलच्या आसपास वाळलेली हळद होते. मग उरलेले चार क्विंटल गेले कुठं?

हा प्रश्न दुसरी-तिसरीच्या वर्गात मांडून पाहावा. हळद कुणी चोरली नाही, जमिनीवर सांडली नाही. तिच्यातलं पाणी हवेत गेलं. मुलांनी मूठभर ओली हळद किंवा आल्याच्या चकत्या रोज एकाच वेळी काट्यावर तोलाव्यात आणि वजन वहीत लिहावं. आकडा दिवसागणिक उतरत जातो आणि पाण्याचं ‘जाणं’ वहीत दिसू लागतं. मे महिन्यात हाच खेळ पसरट परातीत पाणी ठेवून आणि पट्टीनं खोली मोजून करता येतो. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात परातीतलं पाणी दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास उतरतं. तळी आणि धरणं उन्हाळ्यात न वापरताही का आटतात, हे त्या परातीतून मुलाला कळतं.

इथं एक गोष्ट नीट सांगावी लागते. हळद शिजवताना कढईवर जो पांढरा लोट दिसतो त्याला आपण वाफ म्हणतो. खरी वाफ दिसत नाही. गरम वाफ वर येऊन गार हवेत शिरली की तिचे बारीक थेंब होतात आणि ते पांढरे दिसतात. चहाच्या किटलीच्या तोंडाजवळ थोडी मोकळी जागा दिसते आणि पांढरं त्याच्या पुढे सुरू होतं. त्या मोकळ्या जागेत खरी वाफ असते. मोठ्यांनी किटली स्वतः हातात धरून मुलांना हे लांबूनच दाखवावं. दुसरी गोष्ट अशी की पाणी हवेत जायला उकळावं लागत नाही. थंडीतही दोरीवरचे कपडे वाळतात. ऊन आणि वारा असला की वेग वाढतो, एवढंच.

केळीची बाग हवेला पाणी देते

अर्धापूरचं नाव महाराष्ट्राबाहेर पोचलं ते केळीमुळं. केळीचं पान मोठं आणि पिकाला पाणीही भरपूर लागतं. ते पाणी घडात साठून राहतं, असं मुलांना वाटतं. खरं तर मुळांनी ओढलेल्या पाण्यातला फार मोठा भाग पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेत निघून जातो. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी पानाच्या टोकावर घालून दोऱ्यानं सैल बांधावी आणि दोन-तीन तासांनी पाहावी. पिशवीच्या आत थेंब जमलेले असतात. पिशवीत पाणी कुणी ओतलं नव्हतं. ते झाडानं सोडलं.

समुद्रावरूनच पाणी वर जातं, असं भिंतीवरचं चित्र पाहून वाटतं. महासागरांचा वाटा सर्वांत मोठा आहे हे खरं, पण जमिनीवर पडलेल्या पावसातला जगभर सरासरी निम्म्याहून जास्त भाग झाडं, पिकं, माती आणि तळी यांच्यावाटे परत हवेत जातो. म्हणजे आपल्या बागेतून निघालेली वाफ वाऱ्याबरोबर जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी शिवारावर पाऊस होऊन पडू शकते. हवेत गेलेलं पाणी तिथं सरासरी आठ-दहा दिवस राहतं आणि पुन्हा खाली येतं. हे ऐकल्यावर मुलं आकाशाकडे वेगळ्या नजरेनं पाहतात.

माठ आणि पेला

हवेतलं पाणी परत दिसायला लागणं, ही जलचक्रातली सर्वांत जादूची पायरी. स्टीलच्या पेल्यात गार पाणी आणि बर्फ टाकला की बाहेरून थेंब जमतात. बहुतेक मुलं म्हणतात, पेला गळतो. मग पेल्यातल्या पाण्यात शाई किंवा कुंकू घालावं. आत पाणी लाल, बाहेरचे थेंब स्वच्छ. म्हणजे बाहेरचं पाणी आतून आलेलं नाही. ते आलं कुठून? भोवतीच्या हवेतून.

इथंच माठाची गोष्ट यायला हवी, कारण मुलं दोन्हींत गल्लत करतात. माठही बाहेरून ओला असतो, पण त्याचं पाणी खरंच आतून पाझरतं. मातीला बारीक छिद्रं असतात. ते पाझरलेलं पाणी हवेत उडताना माठातली उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. पेल्यावर पाणी हवेतून येतं, माठावरचं पाणी हवेत जातं. दोन्ही भांडी शेजारी ठेवली की जलचक्राच्या दोन्ही दिशा एका टेबलावर दिसतात.

एप्रिलच्या कोरड्या हवेत पेल्यावर थेंब सावकाश जमतात. जूनच्या सुरुवातीला, मृग जवळ आला की तोच पेला भराभर ओला होतो. हवेत दमटपणा आला, हे मुलाला हातानं कळतं. आजी म्हणते, अंगाची काहिली होतेय, पाऊस येणार. आजीचं म्हणणं आणि पेल्यावरचे थेंब एकाच गोष्टीची खबर देतात.

हिवाळ्यात याहून मोठी संधी मिळते. सकाळी शिवारात धुई उतरते तेव्हा मुलांना मोठ्यांनी सोबत घेऊन बाहेर न्यावं. धुई म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. केसांवर, पापण्यांवर, स्वेटरच्या लोकरीवर जमलेले बारीक थेंब त्यांना दाखवावेत. ढग पिशवी नसतो, धूर नसतो, कापूस नसतो. तो अशाच अगणित थेंबांचा असतो, हे ढगात उभं राहून कळलेलं मूल विसरत नाही.

आभाळ येतं, पाऊस का येत नाही?

“बाई, आभाळ आलं तरी पाऊस का पडला नाही?” हा मराठवाड्यातल्या मुलाचा खरा प्रश्न आहे. कोकणातलं मूल तो क्वचितच विचारील.

ढगातला एक थेंब इतका हलका असतो की हवा त्याला सहज तोलून धरते. त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा. धुळीच्या किंवा मिठाच्या अतिसूक्ष्म कणावर वाफ जमून तो तयार होतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब होतो. तेवढी भर पडायला ढगाला सतत दमट हवा मिळावी लागते आणि ती हवा उंच चढत राहावी लागते. दमटपणा कमी पडला, वारा बदलला, तर ढग पुढे सरकतो किंवा विरून जातो. शेतकरी हताश होतो ते याच वेळी.

अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना गार होतात आणि कोकणात, घाटमाथ्यावर आपलं बरंचसं पाणी टाकून देतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मराठवाड्याची पावसाळ्यातली सरासरी सुमारे सातशेची. नांदेड जिल्हा पूर्वेकडे असल्यानं त्याला बंगालच्या उपसागरातून आत सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचाही मोठा आधार मिळतो. लातूर-धाराशिवपेक्षा नांदेडात पाऊस सरासरीनं जास्त असतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

घरात मुलाच्या कानावर मृग, आर्द्रा, पुनर्वसू, मघा, हस्त ही नक्षत्रं येतच असतात. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहन असतं, कधी बेडूक, कधी कोल्हा, कधी हत्ती. पाऊस लांबला की धोंडी काढताना लिंबाच्या पाल्यात गुंडाळलेलं मूलच पुढे असायचं. हे सगळं वर्गाबाहेर ठेवण्याची गरज नाही. नक्षत्र म्हणजे सूर्याच्या स्थितीवरून आखलेलं, साधारण तेरा-चौदा दिवसांच्या टप्प्यांचं शेतकऱ्याचं कॅलेंडर. पेरणी, निंदणी, काढणी त्यावर बसवलेली. वाहनावरून पाऊस किती पडणार हे ठरतं का, याचं उत्तर मुलांना आपण देऊ नये. त्यांना मोजू द्यावं. प्रत्येक नक्षत्रात पडलेला पाऊस त्यांनी तीन-चार वर्षं लिहून ठेवला की उत्तर त्यांच्याच वहीतून मिळेल.

पाऊस मोजणारी मुलं

पाऊस मोजायला पैसे लागत नाहीत. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. तळाचा खळगा खडे आणि पाणी घालून सपाट करावा, तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाटली झाडापासून आणि भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी विटांच्या आधारानं उभी करावी. हवामान खात्याची पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते. मुलांनीही शक्यतो तीच वेळ पाळावी, म्हणजे आपला आकडा तालुक्याच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. शाळेचा आणि अर्धापूरचा, अर्धापूरचा आणि तालुक्यातल्याच दाभडचा, दाभडचा आणि मालेगावचा आकडा वेगळा निघतो, हे पाहून मुलांना पावसाचा स्वभाव कळतो. तो सगळीकडे सारखा पडत नाही.

पाऊस मोजण्याची रीत या मातीला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी (हातभर) तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजावा, असं सांगितलं आहे. पुढे द्रोण या जुन्या मापात देशोदेशीच्या पावसाचं मानही दिलं आहे: अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण, आणि अपरान्तात, म्हणजे कोकणपट्टीत, अमाप. अश्मक हा गोदावरीकाठचा देश. आजचा नांदेड-बोधनचा परिसर त्यात येत होता, असं इतिहासकार साधारणपणे मानतात. आपल्या गावाच्या आसपासचा पाऊस इतक्या जुन्या काळी मोजून लिहिला गेला आणि तेव्हाही कोकणापुढे तो कमीच होता, हे ऐकताना मुलांना आपल्या बाटलीचा अभिमान वाटतो.

मोजलेल्या आकड्याचा अर्थ मात्र सांगायला हवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. वर्गात खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखून त्यावर एक लिटर पाणी पसरावं. हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो. शाळेचं छत १०० चौरस मीटरचं असेल आणि वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छतावर ८०,००० लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे आठ टँकर. ते जातं कुठं, हा प्रश्न चौथीच्या मुलाला तिथंच सुचतो. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानीचे पंचनामे त्यावर अवलंबून असतात. बाटलीवरची ती एक रेघ घरच्या बोलण्याशी अशी जोडली जाते.

पाऊस शिकवताना विजेचा नियमही सोबतच शिकवावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच पक्क्या घरात जायचं. झाडाखाली थांबायचं नाही, पाण्यात राहायचं नाही. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसं आणि जनावरं जातात. बाटली पाहायला धावायच्या आधी मुलाला हे पाठ असलंच पाहिजे.

चित्रात नसलेली अर्धी बाजू

२०१९ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी बारा देशांतली जलचक्राची ४६४ चित्रं तपासली. त्यांतल्या जेमतेम १५ टक्के चित्रांत माणूस पाण्याशी काही करताना दिसत होता. बाकीच्यांत धरण नाही, कालवा नाही, शेत नाही, बोअर नाही. त्याआधी २००५ मध्ये इस्रायलच्या दोन संशोधकांनी मुलांच्या चित्रांचा अभ्यास केला होता. त्यांना आढळलं की मुलं आकाशातला भाग काढतात आणि जमिनीखालचं पाणी बहुतेकांच्या चित्रात नसतं. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेनं २०२२ मध्ये आपलं जलचक्राचं जुनं चित्र बदलून त्यात शेती, शहरं आणि उपसा दाखवला.

अर्धापूरच्या मुलाला या बदलाची इतर कुणाहूनही जास्त गरज आहे. त्याच्या रोजच्या पाण्यात माणसाचा हात जागोजागी आहे. पैनगंगेवर हिंगोली आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर इसापूरचं धरण आहे. त्या ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं पाणी कालव्यानं अर्धापूरच्या केळीपर्यंत येतं. बागेतून उरलेलं पाणी ओढ्या-नाल्यांनी आसना नदीकडे जातं आणि आसना नांदेडजवळ गोदावरीला मिळते. धरणातून खाली पैनगंगेत सुटलेलं पाणी मात्र लांबच्या वाटेनं जातं: चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळून, पुढे वैनगंगेसह प्राणहिता होऊन, सिरोंचाजवळ गोदावरीत. एकाच धरणातून निघालेले दोन थेंब वेगवेगळ्या जिल्ह्यांतून फिरून शेवटी एकाच नदीत येतात आणि बंगालच्या उपसागराला मिळतात. नकाशावर निळ्या पेन्सिलीनं हा रस्ता काढायला मुलांना फार आवडतं. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वराजवळ, अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरवर, आणि सुमारे १४६५ किलोमीटर चालून दुसऱ्याच समुद्राला जाते, हेही त्याच नकाशावर दाखवता येतं.

आता जमिनीखालची बाजू. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कठीण पाषाण. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी सावकाश मुरू लागतं. जोराचा पाऊस असेल तर ते वरूनच वाहून जातं. मुरमात आणि पाषाणाच्या सांध्यांत शिरलेलं पाणी विहिरीला येतं. कठीण पाषाणात जागा थोडी, म्हणून साठाही थोडा. पावसाळ्यात तुडुंब दिसणारी विहीर फेब्रुवारीत का आटते, याचं एक कारण या खडकात आहे आणि दुसरं पाणी उपसणाऱ्या आपल्या मोटारीत.

हे दाखवायला तीन कापलेल्या बाटल्या पुरतात. बुडाला भोकं पाडून एकीत काळी माती, दुसरीत मुरूम, तिसरीत वाळू भरावी. तिन्हींत एक-एक पेला पाणी ओतून खाली किती आणि किती वेळात पडतं ते पाहावं. मग काळ्या मातीच्या बाटलीवर पालापाचोळा पसरून पुन्हा करावं. शेताच्या बांधाचा, गवताचा आणि झाडाचा उपयोग काय, ते इथं समजतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात पोचली. तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ते सुमारे एक लाख लिटर पाणी होतं. म्हणजे त्या गाडीत आलेलं पाणी पाच एकरांवर एकदा चांगला पाऊस पडावा, तेवढं होतं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टी आणि महापुरानं शेतं खरवडून नेली. दोन्ही वेळा जलचक्र चालूच होतं. एकदा पाणी आलं नाही आणि साठलेलं संपलं. एकदा थोड्या दिवसांत इतकं आलं की थांबवायला जागा नव्हती. शिकवताना या दोन्ही गोष्टी टाळू नयेत. मुलांनी त्या घरात ऐकलेल्या असतात, पाहिलेल्या असतात. भीती न घालता, कारणांसकट सांगितलं तर मूल घाबरत नाही. उलट, आता काय करता येईल, असं विचारतं.

अंगणातली शाळा

ही पद्धत परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं ते भोवतालच्या वस्तूंवर. महागडी साधनं आदिवासी पाड्यांपर्यंत पोचणार नव्हती, तेव्हा पानं, बिया, खडे, माती हीच साधनं झाली. वर्ग भरायचा तो अंगणात. पावसाचा धडा त्यांच्या वाटेनं शिकवायचा तर अर्धापूरच्या शाळेत सगळं हाताशी आहे: ताटली, परात, माठ, पेला, केळीचं पान, ओली हळद, बाटल्या आणि तीन प्रकारची माती. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात पाण्यावरचे धडे आहेतच. पुस्तकातलं पान उघडण्याआधी हे प्रयोग झालेले असले की मुलं तो धडा ओळखीच्या गोष्टीसारखा वाचतात.

एक गोष्ट मात्र वर्षभर चालवायला हवी. शाळेजवळच्या कठड्याच्या विहिरीवर, शिक्षकांच्या हातानं, दर महिन्याला गाठी मारलेला दोर तळापर्यंत सोडून आत पाणी किती उभं आहे ते पाहावं. तो आकडा आणि जूनपासूनचा एकूण पाऊस शेजारी शेजारी रेघांनी फळ्यावर दाखवावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाची रेघ चढते, मग विहिरीची चढते. नोव्हेंबरनंतर पहिली थांबते आणि दुसरी उतरू लागते. पाऊस आणि विहीर यांचं नातं या दोन रेघांत स्पष्ट दिसतं. हिवरे बाजारसारख्या गावात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिकं त्यावर ठरवतात. तीच दृष्टी अर्धापूरच्या मुलांना दहाव्या वर्षी येऊ शकते.

म्हणून शाळांना आणि पालकांना एक विनंती आहे. यंदा मृग निघायच्या आधी शाळेच्या आवारात पावसाची बाटली बसवा, रोजच्या नोंदीची जबाबदारी पाळीपाळीनं मुलांवर सोपवा आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो तक्ता मुलांनाच वाचू द्या. किती पाऊस पडला, विहिरीत किती उतरलं, रब्बीला किती पुरेल, हे गावाला मुलांकडून ऐकू द्या. लहानपणी पावसाचा हिशेब मांडलेलं मूल मोठं झाल्यावर बोअर घ्यायच्या आधी आणि पीक निवडायच्या आधी पाण्याचा विचार करील. मराठवाड्याच्या पुढच्या पन्नास वर्षांसाठी याहून मोलाचं शिक्षण मला दुसरं दिसत नाही.